मामांना न दिसलेली मूठ

कॉलेजच्या वाचनालयामागे एक लांबट खोली होती. तिथे बसून मामा सत्तावीस वर्षं फाटकी पुस्तकं शिवत आले होते. खोलीत खळीचा आंबट वास भिनलेला होता, तो त्यांना मुळीच जाणवत नसे. पण बाकी कुठल्याही घाणीच्या बाबतीत त्यांचं नाक भलतंच तिखट. बोटाला थुंकी लावून पान उलटणारा माणूस दिसला की त्यांना ढवळून यायचं. एका प्राध्यापकांनी परत केलेल्या जाडजूड ग्रंथात खूण म्हणून केळ्याची साल निघाली होती. ती गोष्ट मामा दहा वर्षांनंतरही तोंड वाकडं करूनच सांगत.

अक्षर मात्र छापल्यासारखं. त्या अक्षरापायी जुन्या क्रीडाशिक्षकांनी त्यांना बास्केटबॉलच्या सामन्यांना स्कोअररच्या टेबलावर बसवलं, ते कायमचंच. कोणी किती बास्केट केल्या, कोणाचा कितवा फाउल झाला, हे एका मोठ्या छापील कागदावर पेनाने लिहायचं. खोडायचं नाही, गिरवायचं नाही. पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर, मग तो कोणीही असो. फाउल झाला की रेफरी शिट्टी वाजवून टेबलासमोर येतो आणि फाउल करणाऱ्याचा नंबर हातांनी दाखवतो. पाच नंबर असेल तर नुसता पंजा. पंधरा असेल तर एक मूठ आणि एक पंजा. मूठ म्हणजे दहा. मामा तो फाउल त्या नंबरापुढे लिहीत आणि कितवा झाला त्याची पाटी उंच धरत. पाचची पाटी लाल होती.

त्या काळात हॉलमध्ये प्रेक्षक कमी आणि कबुतरं जास्त असत. कॉलेजचा संघ हरायचा, पण शिस्तीत हरायचा. मामांना त्यात काही वाईट वाटत नसे. कागद स्वच्छ राहिला की त्यांचा दिवस चांगला गेला.

मामांना मूलबाळ नव्हतं. बहिणीच्या गावात कॉलेज नाही, म्हणून तिचा मुलगा सोळाव्या वर्षी त्यांच्याकडे राहायला आला. काटकुळा, चपळ आणि बोलघेवडा. दुसऱ्या वर्षी तो संघात आला, पाच नंबरची जर्सी मिळाली आणि त्याचं नाव पडलं पाचू. तो मामा म्हणतो म्हणून सगळा संघ मामा म्हणू लागला, मग प्राध्यापक, मग शिपाई, शेवटी वयाने थोर असलेले प्राचार्यसुद्धा. एकटी मामी तेवढी "अहो" वर टिकून राहिली.

पाचूच्या शेवटच्या वर्षी संघ पहिले तीन सामने हरला आणि नवे कोच आले. गळ्यात शिट्टी, तोंडात च्युइंगम, आणि सोबत एक माणूस. मुलगा म्हणवेना असा माणूस. साडेसहा फुटांच्या वर उंची, गालाच्या हाडापर्यंत दाढी. त्याला पहिल्या वर्षात प्रवेश मिळाला होता. पहिलं वर्ष करायचं हे त्याचं चौथं कॉलेज, आणि कुठल्या विषयाला नाव घातलंय ते त्याला विचारल्यावर तो कोचकडे बघायचा. पोरांनी त्याचं नाव ठेवलं खांब. जर्सी पंधरा नंबरची.

खांब आल्यापासून संघ जिंकायला लागला. रिंगखाली तो नुसता उभा राहिला तरी समोरच्यांची पंचाईत व्हायची. पण तो नुसता उभा कुठे राहायचा! उडी मारताना शेजारच्याच्या पायावर पाय, वळताना बरगडीत कोपर, आणि रेफरीची पाठ फिरली की चिमटा. पाण्याने खळखळून चूळ भरायचा आणि ती कोर्टाच्या कडेलाच टाकायचा. एकदा मामा टेबलाखाली वही ठेवायला वाकले, तर गुडघ्याला काहीतरी ओलं चिकटलं. खांबाने चघळलेला च्युइंगमचा गोळा. मामांनी ती पँट तीनदा धुतली आणि तरी पुढचे आठ दिवस त्यांना तो गुडघा आपला वाटेना.

बाकीची पोरंही भराभर शिकली. धक्का न लागता कोसळायचं, रेफरीला दिसणार नाही अशी जर्सी ओढायची, हरलेल्यांशी हात मिळवताना तळहातावर हळूच थुंकी ठेवायची. पाचू तर कोसळण्यात इतका तरबेज झाला, की घरी जेवताना मामीला करून दाखवायचा.

"बघ मामी, आता मला कोणीतरी ढकललं," म्हणत तो खुर्चीवरून असा काही जमिनीवर आला की मामीच्या हातातला डाव निसटला.

"लागलं का रे?"

"कुठे काय! कोणी ढकललंच नाही," पाचू खदाखदा हसला.

मामांचा घास तोंडातच फिरत राहिला. ते काही बोलले नाहीत.

बोलले नाहीत याला कारण होतं, आणि ते कारण पुढे त्यांना स्वतःलाच घाण वाटलं. आता हॉल भरायला लागला होता. प्राचार्य सामन्याला येत आणि आधी टेबलापाशी येऊन मामांच्या खांद्यावर हात ठेवत. सहावा सामना जिंकल्यावर कोचने सगळ्या संघाला निळी जॅकेटं दिली, त्यांत एक मामांचं निघालं. पाठीवर मोठ्या अक्षरांत "मामा". सत्तावीस वर्षांत कॉलेजने त्यांना अंगावर घालायला काही दिलं नव्हतं. मामा ते जॅकेट घालून वाचनालयात जायला लागले. दुपारी उकडायचं, तरी काढत नसत.

उपांत्य सामना आपल्याच हॉलमध्ये झाला. दुपारी चारची वेळ, पायऱ्यांवरसुद्धा माणसं बसलेली. घामाचा आणि कोंडलेल्या श्वासांचा असा दर्प, की मामांनी रुमालाला दोन थेंब अत्तर लावून आणलं होतं. सामना सुरू व्हायच्या आधी कोच टेबलावर ओणवे झाले.

"मामा, आज तुमचे डोळे जरा म्हातारे असू देत," ते च्युइंगम चघळत म्हणाले, आणि हसून निघून गेले.

मामाही हसले. त्या हसण्याचा त्यांना नंतर फार त्रास झाला.

सामना अटीतटीचा झाला. शेवटची सहा मिनिटं राहिली तेव्हा खांबाचे चार फाउल झाले होते आणि पाचूचे तीन. चेंडू रिंगला लागून उडाला, चार-पाच जणांनी एकदम उड्या घेतल्या, आणि खांबाचं कोपर समोरच्या संघाच्या एका पोराच्या तोंडावर बसलं. आवाज आला. हाडावर हाड आपटल्याचा आवाज एवढ्या गोंगाटातही वेगळा ऐकू येतो. पोरगा तोंड धरून खाली बसला, बोटांच्या फटींतून रक्त आलं, आणि काहीतरी पांढरं टणटणत मामांच्या टेबलाच्या पायापाशी येऊन थांबलं. दात होता, मुळासकट.

खांब हसत होता. हे मामांनी स्पष्ट पाहिलं.

रेफरी टेबलासमोर आला. उजव्या हाताची मूठ, डाव्या हाताचा पंजा. पंधरा. मामांनी मूठ पाहिली, पंजा पाहिला. मग त्यांची नजर कोचकडे गेली. कोच चघळायचे थांबले होते. त्यांनी हात हलवला नाही की डोळा मारला नाही. फक्त मामांकडे बघत राहिले. आणि मामांच्या हाताने पाच नंबरापुढे फाउल लिहिला. स्वतःच्या भाच्यापुढे. वळणदार, छापल्यासारखा. मग त्यांनी चारची पाटी उंच धरली.

समोरच्या संघाचे कोच धावतच आले. "पाच झाले त्याचे! पंधराचे पाच झाले! बाहेर काढा त्याला!"

रेफरीने मामांना विचारलं, "पंधराचे किती?"

"चार."

"आत्ताचा कोणाचा लिहिलात?"

"पाच नंबरचा. तुम्ही पंजा दाखवलात."

रेफरीने मामांकडे पाहिलं, मग भरलेल्या हॉलकडे पाहिलं. लोक पाय आपटत होते. रेफरीला सगळं ठाऊक होतं, हे मामांना कळलं; आणि त्याला या दारातून धड बाहेर पडायचं आहे, हेही कळलं. "कागदावर चार आहेत ना? मग चार," असं म्हणून तो वळला. दोन भल्या माणसांनी एका कागदाच्या आड तोंड लपवलं.

मामा खाली वाकले, दात रुमालात घेतला आणि त्या पोराच्या कोचला नेऊन दिला. त्यांनी रुमाल परत दिला तो लाल झालेला.

दोन मिनिटांनी पाचूने खरोखरच एक फाउल केला. त्याचा चौथा, कागदावर पाचवा. मामांना लाल पाटी धरावी लागली. पाचू जागच्या जागी थांबला. स्वतःचे फाउल प्रत्येक खेळाडू मनात मोजतच असतो. त्याने टेबलाकडे पाहिलं, पाटीकडे, मग मामांच्या तोंडाकडे. मग बाकावर जाऊन बसला आणि टॉवेल डोक्यावर घेतला. खांबाने शेवटच्या मिनिटात दोन बास्केट केल्या, आणि संघ एका गुणाने जिंकला.

मामा घरी चालत गेले. पाचूला काय सांगायचं, याची वाक्यं वाटभर जुळवत होते. पोरगं चिडेल, रडेल, कदाचित बोलणंच सोडेल, आणि ते योग्यच होईल. दार उघडलं तर पाचूने त्यांना कडकडून मिठी मारली.

"मामा, तू कमाल केलीस! मला आधी कळेचना. मग कळलं, अरे, माझ्या नावावर टाकला यानं! खांबाला वाचवलंस. कोच म्हणाले, मामांनीच सामना जिंकून दिला."

"तुला काही वाटलं नाही?" मामांनी विचारलं.

"मी चार मिनिटं बाहेर बसलो तर काय बिघडलं? जिंकलो ना!"

मामांनी त्याचे हात हळूच सोडवले, मोरीत गेले आणि ओकले. दुपारचा चहा, सगळं. आत नळ सोडून बराच वेळ उभे राहिले. बाहेर पाचू मामीला सांगत होता, "उकाड्यानं झालं असेल."

मामी एका दवाखान्यात येणाऱ्या पेशंटची नावं नोंदवायच्या टेबलावर काम करायची. दुसऱ्या दिवशी सकाळी, पाचू सरावाला गेल्यावर, तिने धुण्यातून रुमाल वर काढला.

"अहो, हे रक्त कोणाचं?"

मामांनी सगळं सांगितलं. मूठसुद्धा सांगितली. मामी रुमाल हातात धरून ऐकत होती.

"माझ्याकडे रोज माणसं येतात," ती म्हणाली. "वय लपवतात, दारू लपवतात, कोणी मारलं ते लपवतात. मी लिहून घेते. पण मी स्वतः कधी खोटं लिहिलेलं नाही हो."

"माहीत आहे."

"मग आता काय करणार?"

"सामने भरवणाऱ्या क्रीडा समितीला पत्र लिहीन."

"लिहा," एवढंच म्हणून तिने रुमाल भिजत घातला.

पत्र लिहायला मामांनी चार दिवस लावले. म्हणजे लिहिलंच नाही. सकाळी कागद घ्यायचे, दुपारी त्यावर खळीचं भांडं ठेवायचे. वाचनालयात जो तो येऊन पाठ थोपटत होता. खेळात लक्ष नसलेला हिशेबनीससुद्धा डोळा मिचकावून म्हणाला, "काय मामा, चष्मा बदलायला झालाय म्हणे!" म्हणजे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणालाच काही वाटत नव्हतं. मामांना त्या आठवड्यात सगळ्याचीच शिसारी आली. माणसांच्या दातांची, हसण्याची, आपल्या उजव्या हाताची. जॅकेट त्यांनी कपाटामागे कोंबलं.

पाचव्या दिवशी क्रीडा समितीचं पत्र कॉलेजात आलं. समोरच्या कॉलेजने तक्रार केली होती. समितीने स्कोअरशीट काढून पाहिली. त्या मिनिटाला फाउल पाच नंबरचा. म्हणजे दात पाडला पाच नंबरने. एक वर्ष बंदी, आणि पाचूच्या नावावर कायमचा शेरा. ज्याचा दात पडला तो पोरगा "पंधरा नंबरने मारलं" असं सांगत होता, पण कागदापुढे त्याचं कोण ऐकतो? तेव्हा प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा नव्हता.

पाचू धावत वाचनालयामागच्या खोलीत आला. चेहरा पांढराफटक.

"मामा, कोच म्हणतात सोस! संघासाठी सोस म्हणतात! खांब अंतिम सामना खेळणार आणि मी बाहेर! मी कोणाला हातसुद्धा लावला नाही. काहीतरी कर ना."

"जातो," मामा म्हणाले.

समितीच्या कचेरीत जिन्याच्या कोपऱ्यात थुंकून थुंकून भिंत लाल-तपकिरी झाली होती. मामा अंग चोरून वर गेले. टेबलामागे तीन माणसं होती. मामांनी उभ्या उभ्या सांगितलं: मूठ दाखवली होती, मी पाहिली होती, तरी पाच नंबरापुढे लिहिलं.

मधल्या अधिकाऱ्याने चष्मा काढून पुसला. "पाच नंबर तुमचा कोण लागतो?"

"भाचा."

"मग बरोबर आहे. भाच्याला वाचवायला आलात."

"भाच्याला वाचवायला आलो, हे खरं आहे," मामा म्हणाले. "त्याच्यावर आलं नसतं तर मी आलोच असतो, असं छातीठोकपणे सांगू शकत नाही. चार दिवस पत्र लिहिलं नाही. पण मी सांगतोय तेही खरंच आहे. त्या पोराला बोलवा. रेफरीला बोलवा."

रेफरीला बोलावलं. त्याला काही आठवत नव्हतं. त्या पोराला बोलावलं. तो ओठ मिटून बसला होता. बोलायला तोंड उघडलं तेव्हा पुढची खिंड दिसली. मामांनी मान खाली घातली. त्याने सांगितलेलं आणि मामांनी सांगितलेलं शब्दाला शब्द जुळलं. अधिकाऱ्यांची तोंडं कडू झाली, कारण आता त्यांना निकाल द्यावाच लागणार होता.

निकाल असा लागला: सामना समोरच्या संघाला बहाल, पाचूची बंदी आणि शेरा रद्द, खांबावर वर्षभर बंदी, आणि मामांना कुठल्याही टेबलावर पुन्हा कधीही बसायला मनाई. रेफरीच्या नावापुढे काहीच नव्हतं.

कॉलेजात हाहाकार झाला. प्राचार्य आता मामांना "बाइंडर" म्हणून हाक मारू लागले. दुसऱ्या दिवशी खोलीच्या दाराला कोणीतरी च्युइंगम चिकटवून ठेवला होता, चांगला मूठभर. अर्ध्या संघाने बसून चघळला असावा. मामांनी तो पुठ्ठ्याच्या तुकड्याने खरवडून काढला. खांब महिन्याभरात दुसऱ्या गावी पाचव्या कॉलेजच्या पहिल्या वर्षात दाखल झाला, आणि कोच त्याच्यासोबतच गेले. जाताना त्यांच्या निरोपाला हार-तुरे झाले, भाषणंही झाली.

पण मामांना खरं लागलं ते घरात. निकाल कळला त्या संध्याकाळी पाचू जेवायला बसला नाही. भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

"मी तुला काय सांगितलं होतं? माझं नाव काढ, एवढंच ना? सामना कशाला घालवलास?"

"नाव काढायचं म्हणजे खरं सांगायचं. खरं सांगितलं की सामना जातोच."

"रेफरीचा हात नीट दिसला नाही म्हणायचं! चूक झाली म्हणायचं! कोणाचंच काही गेलं नसतं."

"त्या पोराचा दात गेला."

"दात बसवता येतो मामा! फायनल परत येते का?"

मामीने ताट बाजूला सारलं. "पाचू, जरा शरम बाळग," ती म्हणाली. ती त्याला एवढ्या वर्षांत इतकं कधी बोलली नव्हती. पाचूने दुसऱ्या दिवशी बॅग भरली आणि हॉस्टेलवर गेला. आठवड्याने बहिणीचा फोन आला.

"दादा, पोराचं आयुष्याचं नुकसान केलंस तू."

"अगं, नुकसान मी केलं, पण ते आधी केलं. नंतर नाही," मामा म्हणाले. तिला ते कळलं नाही, आणि मामांनीही पुन्हा समजावलं नाही.

मामा पुढे सहा वर्षं नोकरीत होते. हॉलकडे फिरकले नाहीत. संघ पुन्हा हरायला लागला, आणि प्रेक्षक आपोआप विरघळले. कोणी विषय काढलाच, तर मामा म्हणत, "मी फार सज्जन माणूस नाही हो. माझं पोट नाजूक आहे, एवढंच."

पाचूला एका गोदामात पर्यवेक्षकाची नोकरी लागली. घरी येणं-जाणं पुन्हा सुरू झालं, पण बेताचं. आला की मामीशी बोलायचा, मामांना तब्येत विचारायचा. मामा निवृत्त झाले त्या वर्षी एका रविवारी सकाळी त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. मग तो म्हणाला, "मामा, काल गोदामात काचेच्या मालाचं एक खोकं फुटलं. साहेबाच्या मेव्हण्याने पाडलं. साहेब म्हणाले, हमालाच्या नावावर लिही."

"मग?"

"लिहिलं मी. सही केली. हमालाला कामावरून काढलं."

मामांच्या तोंडाला ती जुनी आंबट चव आली. मामी स्वयंपाकघरातून "कोण आहे?" म्हणून खुणेने विचारत होती.

"मग आता मला फोन कशाला केलास?" मामांनी विचारलं.

त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"असंच," पाचू म्हणाला.

मामा खुर्ची ओढून बसले. "त्या हमालाचं घर माहीत आहे का तुला?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"कुठे राहतो?"

आणि पाचू पत्ता सांगू लागला.